भोंगामावशी आणि कोरी तबकडी

भोंगामावशीचं खरं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक असतं, आणि पोस्टमन बदलला की त्यालाही नसतं. मग नवा पोस्टमन पार्सल छातीशी धरून गल्लीभर विचारत फिरतो. लोक माना हलवतात, 'छे, या नावाचं इथं कोणी राहत नाही.' तेवढ्यात फाटक्या कागदातून पितळी भोंग्याची कड दिसते आणि सगळे एकदम म्हणतात, 'अहो, मग असं सांगा ना, भोंगामावशीचं आहे.'

मावशीचं पोट शिलाई मशीनच्या दुरुस्तीवर चालतं. जीव मात्र चावीच्या ग्रामोफोनात अडकलेला. हे खूळ लागलं तेव्हा ती ऐन पस्तिशीत होती. एक गिऱ्हाईक बिघडलेल्या मशीनबरोबर वडिलांचा बंद पडलेला ग्रामोफोनही घेऊन आलं. 'यालाही हँडल आहे, तुम्हीच बघा,' असं म्हणून ते मोकळं झालं. मावशीनं स्क्रू काढले, स्प्रिंगचा डबा उघडला, आणि आत वर्षानुवर्षं कोंडून बसलेली पोलादी पट्टी सापासारखी उसळून तिच्या हनुवटीवर बसली. दुसरी कोणी असती तर ते धूड उचलून गिऱ्हाइकाच्या दारात ठेवून आली असती. मावशीनं पदरानं रक्त पुसलं आणि स्प्रिंगकडे कौतुकानं बघत म्हणाली, "अजून दम आहे हिच्यात." हनुवटीवर ती खूण आजही आहे. कोणी विचारलं तर ती जरा मिरवतेच.

तेव्हापासून घर भरत गेलं. पुढच्या खोलीत दुरुस्तीला आलेली मशीनं, मधल्या खोलीत भोंगे, आणि मागच्या खोलीत भिंतभर रेकॉर्डी. त्या सगळ्या उभ्या ठेवलेल्या, कारण आडव्या रचल्या की खालच्या वाकतात. रेकॉर्डवर टेकवायच्या पिनांच्या डब्या मसाल्याच्या डब्यांसारख्या ओळीनं. तिच्याकडे गाणं ऐकायला येणाऱ्यानं एक गोष्ट डोक्यात ठेवावी, ती म्हणजे एक पिन रेकॉर्डच्या एकाच बाजूला वापरायची. तीच पिन दुसऱ्या बाजूला लावणारा माणूस मावशीच्या मते उष्ट्या चमच्यानं लोणचं काढणाऱ्यातला, आणि ती हे तोंडावर सांगते. पाहुणा मोठा असो की छोटा, तिच्या जिभेला हाड नाही.

तिच्या नवऱ्याला गल्ली ओघानंच भोंगाकाका म्हणते. हा त्या माणसावर अन्याय आहे. त्याला गाण्यात काडीचा रस नाही. कानाला यंत्र आहे, आणि मावशी चावी फिरवायला लागली की तो ते शांतपणे काढून चष्म्याच्या डबीत ठेवतो. "घरात तोंडं दोन आणि भोंगे डझनभर," असं तो आल्यागेल्याला सांगतो. पण भोंगे पुसायचं फडकं रोज धुऊन दोरीवर घालतो तोच. संसार असाही करता येतो.

हळूहळू लोक गाण्यांच्या रेकॉर्डींबरोबर घरचे आवाजही आणू लागले. टेपची रिळं, कॅसेटी, घरी नाहीतर बाजारातल्या दुकानात बोलून कापून घेतलेल्या तबकड्या. कुणाच्या आजोबांचं भाषण, कुणाचं पहिलं रडं. एका घरानं तर आत्याचं घोरणं जपून ठेवलं होतं, पुरावा म्हणून. मावशी तुटलेली टेप जोडायची, बुरशी पुसायची, जुन्या यंत्रावरून आवाज नव्या यंत्रात उतरवून द्यायची. गाण्याची रेकॉर्ड ती घासाघीस करून विकत घेते, पण घरचा आवाज कधी स्वतःकडे ठेवत नाही. तिचं म्हणणं, दुसऱ्याच्या घरातला माणूस आपल्या कपाटात कशाला?

आणि तिचा एक नियम आहे. घरचा आवाज पहिल्यांदा घरच्यांनीच ऐकायचा. यंत्र लावते ती, पण माणसं समोर बसल्याशिवाय सुई टेकवत नाही. याला कारण घडलं होतं. सुरुवातीला एका मुलीच्या आईची टेप तिनं आधी स्वतः ऐकली आणि मुलगी आल्यावर आनंदानं सांगितलं, "फार गोड बोलतात हो तुमच्या आई." मुलगी म्हणाली, "तुम्ही माझ्याआधी ऐकलंत." बस, एवढंच. पण मावशीला ते लागलं, आणि तिनं तेव्हापासून कानाला खडा लावला.

तर अशा या मावशीकडे एका सकाळी चौकातला रंगवाला आला. रंगाचं दुकान आहे म्हणून रंगवाला. माणूस साधा, बोटांच्या नखांत कायम कसली ना कसली छटा. त्यानं उशीच्या अभ्र्यातून एक काळी तबकडी काढून टेबलावर ठेवली.

"मावशी, ही आमच्या वडिलांनी पाठवली होती. मी रांगत होतो तेव्हा. ते लांब पुलाच्या कामावर होते. कोरी आहे, पण आई फेकू देत नाही आणि ठेवू पण देत नाही. कपाट आवरलं की दर वेळी घरात वातावरण तापतं."

"कोरी आहे हे कुणी सांगितलं?"

"तेव्हा शेजाऱ्यांचा ग्रामोफोन आणून लावली होती म्हणे. नुसती खरखर, आणि सुई घसरून बाहेर. चार-पाचदा लावली, दर वेळी तेच."

मावशीनं तबकडी कडांनी उचलली. ही बाजारातली रेकॉर्ड नव्हती. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर काळ्या लॅकरचा थर, आणि त्यात बोलणाऱ्यासमोरच कापलेल्या रेघा. थराला भेगा गेल्या होत्या, एका बाजूला पापुद्रा उचलला होता.

"हे मला कळतं," रंगवाला म्हणाला. "पोपडा धरलाय. एकदा धरला की थांबत नाही."

"नाही थांबत. सुई एकदा फिरेल. दुसऱ्यांदा फिरेल याची खात्री नाही." मग तिनं विचारलं, "वडील आहेत?"

आहेत, तो म्हणाला. पण अर्धांगाचा झटका आल्यापासून बोलणं गेलं. कळतं सगळं, काठी घेऊन चार पावलं चालतात, पण शब्द येत नाही. लिहायचा हातही गेला. नाहीतर त्यांनाच विचारलं असतं की बाबा, काय बोलला होतात. "पण बोलत होते तेव्हाही कोणी विचारलं नाही," तो म्हणाला. "आमच्या घरात या विषयावर अळीमिळी गुपचिळी."

तबकडी मावशीकडे राहिली. दुपारी तिनं शिलाईचा दिवा ओढून घेतला आणि भिंगातून बघायला बसली. बाहेरची कड पोलादी पिनांनी नांगरल्यासारखी उकरलेली. तिथं सुई टेकवणारे टेकवून थकले होते. त्याच्या आतल्या रेघा गुळगुळीत, सपाट. म्हणजे खरंच काही नाही. ती आत आत सरकत गेली. मध्यावर, जिथं कधीकाळी लेबलाची कागदी चिकटी होती आणि आता नुसता गोंदाचा डाग होता, त्याच्या अलीकडच्या रेघा मात्र लव्हाळ्यासारख्या थरथरत होत्या. आवाज होता. पण तो फक्त आतल्या भागात कसा? आणि सुई तिथपर्यंत जायच्या आधीच बाहेर का पडत होती?

मावशीच्या संग्रहात तबकडी कापायचं एक यंत्र आहे. ते तिनं भंगारवाल्याशी भांडून मिळवलेलं. हौसेनं तिनं एकदा त्यावर कापून पाहिलं होतं आणि पुरती फजिती झाली होती. सुई लॅकर कापत जाते तसा केसासारखा बारीक काळा धागा सुटतो, आणि तो ओढ घेतो मध्याकडे. आपण बाहेरून आत कापत गेलो की तो धागा नेमका सुईच्या वाटेत येतो, गुंता होतो, तबकडी वाया जाते. आता सुईपुढं धागा येऊ देईल ती मशीन दुरुस्त करणारी कसली! धागा सुईच्या मागं राहायला हवा. म्हणजे कापायला सुरुवात करायची मध्यापासून आणि जायचं कडेकडे. मावशीनं भिंग खाली ठेवलं.

तबकडी आतून बाहेर कापलेली होती. लावणारे सगळे ती शेवटाकडून लावत होते. सुई कडेला टेकवली की रेघ तिला बाहेरच ढकलणार, दुसरं काय होणार? चिकटीवर तशी सूचना असणार, पण चिकटी दमटपणात गळून गेली होती. घरात कपाटात बोलणं पडलेलं, आणि माणसं आयुष्यभर ते नाही म्हणून कुढत बसलेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मावशीला आनंद झाला, आणि लगेच आठवलं की सुई एकदाच फिरणार आहे.

रंगवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "मग लावून बघा ना मावशी. काही असलं तर आईला आणतो. नसलं, किंवा भलतंच काही असलं, तर आपल्या दोघांतच राहील."

बोलणं शहाणपणाचं होतं. मावशीनंही क्षणभर सुईकडे बघितलं. एवढ्या वर्षांचं कोडं, सोडवणारी ती, आणि ऐकायची तिलाच मनाई. मोह कुणाला होत नाही? काका दारात फडकं पिळत उभा होता. त्यानं अर्धंमुर्धंच ऐकलं असणार. "काय म्हणतो तो?" त्यानं विचारलं. मावशीनं सांगितलं. "एकदाच वाजणार असेल," काका म्हणाला, "तर तुझ्या कानासाठी नाही पाठवली ती." आणि तो फडकं वाळत घालायला गेला. असं बोलून निघून जाणाऱ्या माणसाचा राग येतो, कारण त्याचं बरोबर असतं.

पण नियम पाळायचा तर दुसरा धोका होता. आतल्या रेघांत नुसती खाकरणी असली तर? रंगवाल्याच्या आईला एकदा कोरी तबकडी मिळालेली, आता सगळ्यांसमोर पुन्हा मिळायची. हे काही मावशीनं एकटीनं ठरवण्यासारखं नव्हतं. चप्पल घालून ती सरळ रंगवाल्याच्या घरी गेली.

रंगवाल्याची आई स्वयंपाकघरात डबे पुसत होती. वाळकी, ताठ बाई, सगळे तिला आजीच म्हणतात. पलीकडच्या खोलीत त्याचे वडील, म्हणजे आजोबा, खिडकीशी बसलेले दिसत होते. मावशीनं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. आजी डबा पुसत राहिल्या.

"निघताना आमचं भांडण झालं होतं," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं होतं, गेलात तर परत येऊ नका. मग ही आली. कोरी. मी समजले काय समजायचं ते. त्यानंतर ते चार वर्षांनी आले. मी दार उघडलं, पाणी दिलं. ना त्यांनी तबकडीचं नाव काढलं, ना मी. म्हटलं, ज्यानं काही सांगितलं नाही त्याला काय विचारायचं?"

"आणि आता?"

"आता विचारावंसं वाटतं, तर ते बोलत नाहीत." आजींनी डबा फळीवर ठेवला. "रोज त्यांना भरवते, बाई. रोज वाटतं, हा माणूस माझ्याकडे आला होता, की जायला दुसरं ठिकाण नव्हतं म्हणून आला होता. एवढं कळलं असतं तर बरं झालं असतं."

"कोरीच निघाली तर, आजी?"

"एकदा निघालीच आहे की. दुसऱ्यांदा काय वेगळं होणार आहे? लावा तुम्ही."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे मावशीच्या मधल्या खोलीत जमले. आजोबांना ऐकू कमी येतं म्हणून त्यांना आवाजाच्या पेटीशेजारी बसवलं. आजी मात्र आत आल्याच नाहीत, दाराजवळची खुर्ची ओढून तिथंच टेकल्या. "काही नसलं तर उठून जाता येईल," त्या म्हणाल्या, आणि हे त्यांनी इतकं सरळ सांगितलं की कोणी आग्रह केला नाही. रंगवाला भिंतीला टेकून उभा. काका नेहमीप्रमाणे बाहेर निघाला होता. पण जाता जाता थांबला, डबी उघडली आणि कानातलं यंत्र परत लावलं.

मावशीनं तबकडीवर धरलेली बुरशीसारखी पांढरी साय आदल्या संध्याकाळी मऊ कापसानं उतरवली होती. सुईची दांडी हलकी असलेल्या, विजेवर चालणाऱ्या यंत्रावर तबकडी बसवली, शेजारी आवाज उतरवून घेणारं यंत्र चालू केलं, दांडीचं वजन पुन्हा एकदा तपासलं. वर्षानुवर्षं अवजड स्प्रिंगा सरळ करणारी तिची बोटं, पण सुई नेली ती झोपलेल्या मुलाच्या पापणीला हात लावावा तशी. कडेला नाही, गोंदाच्या डागाजवळ.

खरखर आली. मग एक खाकरणं आलं.

"चालू झालं? हो? हॅलो." पुन्हा खाकरणं. "हॅलो. मी बोलतोय."

आवाज तरुण होता, घाबरलेला होता, आणि रंगवाल्याच्या आवाजाशी इतका मिळताजुळता होता की त्यानं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. आजोबांनी मान वर केली. दाराकडे बघायचं धाडस मावशीला झालं नाही.

"इथं सगळं ठीक आहे. थंडी आहे. पूल अर्धा झाला. आईला सांग, स्वेटर घालतो. पोरगं चालायला लागलं का? धरून चालत असेल तर ओट्याच्या कोपऱ्यांना काहीतरी बांध, ते डोकं आपटून घेईल." एका भेगेवर सुई टकटकली आणि एक वाक्य पापुद्र्याबरोबर उडून गेलं. सुई पुढं सरकली. "…हा दुकानदार समोरच उभा आहे. जे बोलायचं ठरवून आलो होतो ते याच्यासमोर बोलता यायचं नाही. तर ते राहू दे."

रंगवाला ओल्या डोळ्यांनी हसला. काकाही हसला.

"बरं, ऐक. साहेब म्हणतात, करार वाढव. मला वाढवायचा नाही. पण निघताना तू जे म्हणालीस, ते रागात म्हणालीस की खरंच, ते मला कळत नाही. तीनदा पत्र लिहिलं आणि फाडलं. मी लिहिलं की ते नोटिशीसारखं दिसतं. म्हणून हे. तू मला नुसतं 'या' असं लिहून पाठव. दुसरं काही नको. ते आलं की मी सही करत नाही, गाडीत बसतो. नाही आलं तर मी समजेन. रागावणार नाही. तुझं खरं होतं असं समजेन."

त्यानंतर शब्द नव्हते. नुसता श्वास ऐकू येत होता. तो माणूस तिथं उभा राहून आणखी काय बोलावं याचा विचार करत होता, आणि तबकडी फिरत होती. मग श्वासही संपला. गुळगुळीत रेघा आल्या, मागून उकरलेल्या रेघा आल्या, आणि सुई कडेवरून बाहेर पडली. मावशीनं सुई उचलली. तिच्या लक्षात आलं की आपण रडतो आहोत, आणि तिनं ते लपवलं नाही. एवढी वर्षं ती इतरांचे आवाज उतरवत आली होती, पण एखाद्या आवाजानं उत्तर मागितलं होतं आणि ते अजून द्यायचं राहिलं होतं, असं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

आजी उठून गेल्या नव्हत्या. दाराजवळच्या खुर्चीत तशाच ताठ बसल्या होत्या.

"चार वर्षं," त्या आजोबांना म्हणाल्या. "चार वर्षं काढलीत तिकडं. एक कार्ड टाकता आलं नाही, की तबकडी पोचली का म्हणून? मूर्ख आहात तुम्ही."

आजोबांचा एका बाजूचा ओठ हलला. शब्द आला नाही, पण मान हलली, होकारार्थी, दोनदा.

"मीही आहे," आजी म्हणाल्या.

रंगवाला पुढं व्हायला लागला. मावशीनं त्याच्या दंडाला धरून त्याला थांबवलं. आजींनी खांद्यावरचा पदर नीट केला, आणि आजोबांना ऐकू जावं म्हणून आवाज चढवून म्हणाल्या, "या."

आजोबांनी त्यांच्याकडे बघितलं. मग धड असलेला हात काठीसाठी चाचपडला, काठी सापडली, आणि ते उठायला लागले. पहिल्यांदा जमलं नाही, ते परत खुर्चीत बसले. दुसऱ्यांदा उभे राहिले. भोंग्यांच्या रांगेमधून पाय ओढत, एकाही भोंग्याला धक्का न लावता ते निघाले. कोणी मदत केली नाही. आजी हात पुढं करून बसून राहिल्या, आणि ते पोचेपर्यंत त्यांनी तो खाली घेतला नाही.